एकट्याचा नंबर

१८ सप्टेंबर २००६, वरोरा

आज दिवसभरात मी काय काय बोलले ते आठवून पाहिलं. 'वेळ झाली.' 'प्रिंटरची शाई संपली.' 'खुर्चीवर पाय नको.' बस. घरी, सिंदेवाहीला असते तर एवढं मी दात घासता घासता बोलले असते.

नवाबभाऊंच्या 'निशात सायबर'मध्ये काउंटरवर बसायला लागून महिना होत आला. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स ऐकून नवाबभाऊ म्हणाले होते, "मले ते स्टॅटिस्टिक-फिस्टिक समजत नाई पोरी. पोट्टे सांभाळशील का?" सांभाळीन म्हटलं. घरी बसून स्थळांची वाट पाहण्यापेक्षा दुसऱ्यांचे पोट्टे बरे, असं तेव्हा वाटलं होतं.

खोली आहे एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरामागे. दोघांनाही कमी ऐकू येतं. इकडचे लोक पोळी-भाकरीचे, भात नावाला. सिंदेवाहीचं माणूस भात नसेल तर जेवलंच नाही म्हणतं. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, तरी लावते. शिटी झाली की घरात कोणी आहे असं वाटतं.

या डायरीत शुद्ध लिहायचं ठरवलं आहे. कॉलेजात सर म्हणायचे, हर्षा, तू पेपरही झाडीबोलीत लिहितेस. पाहू किती दिवस टिकते ते.

२३ सप्टेंबर

आज एका खुर्चीचा पाय मोडला.

पोट्टे येतात ते मेल पाहायला नाही, गेम खेळायला. पाच इकडून, पाच तिकडून, हातात बंदुका, आणि तोंडात शिव्या. अजीमची स्टेशन टीम सगळ्यांत पुढे. अजीमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, हाताला सदा वार्निशचा वास. त्याचं म्हणणं, सगळ्यांत जास्त मॅच आमी जिंकलो, म्हणून आमी एक नंबर. कॉलेजच्या टीमचं म्हणणं, जिंकले पण कोणासंग? रोज त्या खेड्याच्या पोट्ट्याईले धुता अन् छाती फुगवता! मग धक्काबुक्की, मग खुर्ची.

खेड्याची टीम म्हणजे मुखरू आणि त्याचे चार दोस्त. दुपारच्या बसनं येतात आणि साडेपाचच्या बसनं जातात. ते भांडणात नव्हते. भिंतीला टेकून पाहत होते.

नवाबभाऊ माझ्याकडे वळले. "हर्षा, तुझं स्टॅटिस्टिक काय म्हन्ते याच्यावर?"

गंमत केली त्यांनी. पण महिनाभरात पहिल्यांदा कोणी मला काही विचारलं होतं.

२ ऑक्टोबर

सापडलं. बुद्धिबळवाले वापरतात तो हिशोब, इंटरनेटवर अख्खा दिला आहे. आज सगळ्यांना समोर बसवून समजावून सांगितला. हात कुठे ठेवायचे कळेना, ड्रेसला खिसे नव्हते.

म्हटलं, सगळ्या टीम हजारावर सुरू. मॅच झाली की हरलेल्याचे पॉइंट जिंकलेल्याकडे जातात. पण किती, ते समोर कोण होतं त्यावर. गावातल्या पैलवानानं शेंबड्या पोराला पाडलं तर कोणी टाळ्या वाजवतं का? नाही. त्याला आपण दोन-तीन पॉइंट देऊ. पण पोरानं पैलवानाला पाडलं तर? मग पैलवानाचे भरपूर कापायचे आणि पोराला द्यायचे. जे व्हायला पाहिजे होतं आणि जे झालं, त्यातलं अंतर मोजायचं. एवढंच.

"अन् बरोबरी झाली तं?" मुखरूनं विचारलं. हा मुलगा बोलतो कमी.

"तर कमजोर टीमला थोडे मिळतील. जोरवाल्याला रोखलं ना त्यांनी."

"अन् मधातच लाइन गेली तं?"

सगळे हसले. पण प्रश्न खरा होता. भारनियमन रोजचं, आणि इन्व्हर्टरवर फक्त काउंटरचा माझा कम्प्युटर चालतो. म्हटलं, लाइन गेली तर बरोबरी.

अजीमला स्वतःचा वेगळा नंबर पाहिजे होता. "टीममंदी मीच मारतो, मॅडम. बाकीचे तं निस्ते फिरते."

"एकट्याचा नंबर नसतो," मी म्हटलं. "नंबर टीमचा असतो." जरा जोरातच म्हटलं. नवाबभाऊ म्हणाले, वा, मास्तरीन!

घरी आल्यावर हे कोणाला तरी सांगायचं होतं. म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हौ, नळ सकाळी येते."

१६ ऑक्टोबर

चंद्रपूरला दीक्षाभूमीच्या मैदानावर आई भेटली. यंदा पन्नासावं वर्ष, गर्दी मावेना. आईनं पिशवीत तांदूळ आणले होते, यंदाचे नवे, बाबा भाताच्या फार्मवर कामाला आहेत तिथल्या ओळखीतून. पिशवी हातात देऊन तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तिथी कोनी हाय का तुले बोलाले?"

"हाय न माय. चाळीस पोट्टे हायेत."

"हासतं का कोनी तुह्यासंग?"

"हौ."

खोटं बोलले. धम्मचक्र दिनाला खोटं बोलले. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसले होते, शेजारच्या बाईनं विचारलं, आत काय नाजूक आहे का? म्हटलं, तांदूळ. मग रडू आलं. काऊन आलं ते मले सांगता येत नाई. (शुद्ध लिखाणाची ही गत.)

२५ ऑक्टोबर

ईद. सायबर बंद. नवाबभाऊंच्या मुलीनं, निशातनं, सकाळी शीरखुर्म्याचा डबा आणून दिला आणि नव्या बांगड्या दाखवून पळाली.

सुट्टीत काय करायचं? चावी माझ्याकडे असते. धूळ पुसायच्या निमित्तानं गेले आणि काउंटरवर बसून तो गेम लावला. एक मी, बाकीचे नऊ कम्प्युटरनं चालवलेले. दोन महिने पोट्ट्यांच्या पाठीमागून पाहून पाहून मला सगळे रस्ते पाठ झाले आहेत. आधी मरत होते, मग मारायला लागले. दुपारपर्यंत जिंकतच होते.

पण मग काय? कम्प्युटर हरला तर चिडत नाही. जिंकला तरी चहाला बोलावत नाही. त्याच्याशी खेळून नंबर निघत नाही, हिशोबातच बसत नाही. बंद करून डबा धुतला.

५ नोव्हेंबर

अजीम भडकला. भिंतीवरच्या कागदावर स्टेशन टीम एक नंबर, आणि दोनवर खेड्याची टीम!

"एकबी मॅच जिंकली नाई त्याईनं! दोनवर कशे?"

मी शहाणी, समजावायला गेले. म्हटलं, पाहा, त्यांनी तुम्हाला बरोबरीत रोखलं, कॉलेजला रोखलं, कापसाच्या जिनिंगवरच्या पोट्ट्यांना रोखलं. जोरवाल्याशी बरोबरी म्हणजे पॉइंट चढणारच.

"आमाले त्याईनं नाई रोखलं, मॅडम. लाइननं रोखलं!"

मग डोक्यात प्रकाश पडला. लाइन चारला जाते. संध्याकाळची वेळ गावातल्या टीमनी आधीच धरून ठेवली होती, म्हणून खेड्याच्या पोट्ट्यांना तीनची वेळ मीच दिली होती. हिशोब सुरू झाल्यापासून त्यांची एकही मॅच पूर्ण झालीच नाही. म्हणजे माझ्या हिशोबात दोन नंबरवर बसली आहे ती वरोऱ्याची लाइन!

हसायला आलं, पण हसले नाही. मुखरू समोर उभा होता, कान लाल. म्हटलं, उद्यापासून तुमची वेळ दोनची. मॅच पूर्ण होईल. तो म्हणाला, "हौ बाई." काही कुरकुर नाही. आता ते हरत हरत खाली जाणार, हे त्यालाही माहीत आणि मलाही.

हिशोब बरोबर झाला. मला मात्र बरं वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर

आज जे केलं ते कोणाला सांगणार नाही.

कापूस वेचणी जोरात आहे. मुखरूच्या टीमचा कोलू आला नाही, म्हणाले वावरात आहे. चारच जण. पाचवा म्हणून कम्प्युटरचा गडी टाकला, तसा नियमच आहे. समोर कॉलेज टीम. तो कम्प्युटरचा गडी म्हणजे ठार येडा. भिंतीला तोंड लावून चालत राहिला. सुकलू मेला, लटारू मेला, आणि हा भिंतीशीच झटतो आहे. कॉलेजवाले खदाखदा हसत होते. मुखरू ओठ चावून खेळत होता.

मला सहन झालं नाही. त्या गड्याला काढलं, त्याच नावानं, 'कम्प्युटर', मी स्वतः आत शिरले.

अव माय! माणसांसोबत खेळणं वेगळंच असतं. मुखरू पुढे गेला की मी त्याच्या मागे. तो थांबला की मी थांबते. तो डावीकडे वळला, मी उजवी बाजू धरली, आणि त्यानं ती बाजू पुन्हा वळून पाहिलीच नाही. विश्वासच टाकला. कम्प्युटरवर!

जिंकलो. जिंकले, म्हणायचं होतं. ते जिंकले.

घरी कुकर लावला आणि शिटीची वाट पाहायचं विसरले. भात लागला तळाला.

२१ नोव्हेंबर

कोलू आजही नाही. मी आत. जिनिंगवाल्यांना हरवलं.

एक नवल लिहून ठेवते. मुखरू कम्प्युटरशी बोलतो. तोंडानं, मोठ्यांदा! "कम्प्युटर, मागं राय. कम्प्युटर, दरवाजा पाय." मी ऐकते आणि तसं करते, म्हणून त्याला वाटत असेल मशीन ऐकतं. जिनिंगच्या एकानं माझ्या गोळीनं मेल्यावर कम्प्युटरला आईवरून शिवी घातली, तर मुखरू खुर्चीवरून उठलाच. "कम्प्युटरले शिवी द्याची नाई बे! समजलं?" येडं आहे पोट्टं. मी काउंटरमागे तोंडावर ओढणी धरून हसले.

मॅचनंतर ते टपरीवर जातात. आज सुकलू आत चहा घेऊन आला, ग्लास काउंटरवर ठेवला. म्हटलं, मी सांगितला नव्हता. म्हणाला, "टपरीवाल्यानं पाच बनवले, आमी चारच." टपरीवाल्यालाही मोजता येत नाही. पण चहा चांगला होता. उभ्यानं टपरीवर बाईमाणसानं चहा पिणं इथे होत नाही, म्हणून बाहेरच्या चहाची चव मला आजच कळली.

२९ नोव्हेंबर

पुन्हा पाच ग्लास. टपरीवाल्याला कोणीतरी सांगायला हवं.

३ डिसेंबर

आज सांगून टाकते, कोलूचा मला राग आला आहे. दुपारी जेवून येताना बस स्टँडवर दिसला. वावरात नाही, वेचणीत नाही, मस्त बाकावर बसून भजी खात होता. टीम सायबरला आली तेव्हा मुखरूला विचारलं, कोलू? "वावरात हाय बाई. कापूस लय हाय यंदा." दोस्ताशी असं खोटं वागायचं? मुखरूला बिचाऱ्याला माहीतही नसेल. सांगणार होते, मग गप्प बसले. कोलू आला तर माझी जागा जाईल, म्हणून गप्प बसले. अशी मी.

खेड्याची टीम आता खरोखर दोनवर आहे. लाइनच्या मदतीशिवाय. आणि हिशोब मीच करते, खेळतेही मीच. पंच आणि पैलवान एकच. पॉइंट मी एकदाही चुकीचे लिहिले नाहीत, पण हे बरोबर आहे का? नाही. सोडवतं का? तेही नाही.

१० डिसेंबर

नागपूरच्या एका कॉलेजात जानेवारीत स्पर्धा आहे. एका गावातून एकच टीम घेणार, आणि नवाबभाऊ म्हणाले, भिंतीवर जे एक नंबर ते जाईल. स्टेशन आणि खेडं यांच्यात फार अंतर राहिलेलं नाही. शेवटची मॅच याच दोघांची, चोवीसला. खेडं जिंकलं तर खेडं जाईल.

अजीम काउंटरवर आला. "मॅडम, तो कम्प्युटर चीटिंग करून राह्यला. पयले भिंतीत घुसत होता, आता माह्या मागून येते! मशीन अशी शिकते का?"

म्हटलं, नवीन व्हर्जन टाकलं आहे.

"मंग नागपूरले ते व्हर्जन नेता का? तिथी पाच मानसं लागते."

त्याचं खरं होतं. मीच जाहीर केलं: चोवीसला कम्प्युटरचा गडी चालणार नाही. पाच माणसं पाहिजेत. मुखरूकडे पाहिलं नाही. कोलूला वावरातून आणा, एवढं म्हटलं.

१३ डिसेंबर

मॅच नाही. 'वेळ झाली.' 'शाई संपली.'

१७ डिसेंबर

आईचा शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप. ब्रह्मपुरीचं स्थळ आहे, जानेवारीत पाहायला येणार, तू येऊनच जा, तिथी काय ठेवलं हाय? खरंच काय ठेवलं आहे? एक गेम, त्यात मी दुसऱ्याच्या नावानं, आणि तोही संपला. मी उद्या गेले तर मुखरूला वाटेल कम्प्युटर बिघडला. एवढंच.

दुपारी लाइन गेली तेव्हा पोट्टे ओरडत बाहेर पळाले. माझा स्क्रीन तेवढा चालू. गेममध्ये शिरून पाहिलं. सगळे गडी गळून पडलेले, मैदान रिकामं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. बाहेर टपरीवर हसण्याचा आवाज येत होता.

२२ डिसेंबर

मुखरू एकटाच आला. काउंटरपुढे उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली.

"बाई, चोवीसले कोलू येनार नाई."

मी चिडले. "कापूस वगैरे काही नाही त्याचं! बस स्टँडवर भजी खात बसतो तो. मी पाहिलं."

"हौ. आमीच बसवतो त्याले तिथी."

मला समजेना.

"तोबी खुशीनं बसते बाई. म्हन्ते, माह्यापेक्षा बरी खेळते, खेळू दे." मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "पयल्याच दिवशी समजलं आमाले. कम्प्युटर जिंकल्यावर हासत नाई. काउंटरमागून हासाचा आवाज आला."

पाच ग्लास. शिव्या. सगळं एकदम समोर आलं, आणि तोंड लपवायला ओढणीही जागेवर नव्हती.

"चोवीसले कम्प्युटर चालत नाई म्हनलं तुमी," मुखरू म्हणाला. "मानूस तं चालते न? सहा नंबरची खुर्ची बरी हाय. सुकलूनं पुसून ठेवली."

"अरे पण हिशोब मी करते. माझं खेळणं बरोबर नाही."

"मंग हिशोब दुसऱ्याले द्या," असं म्हणून तो बस धरायला पळाला.

२३ डिसेंबर

अजीमला सांगितलं. सगळं. त्यानं आधी डोळे मोठे केले. "म्हन्जे महिनाभर मले तुमी मारून राह्यल्या होत्या?" मग टेबलावर हात आपटून इतका हसला की नवाबभाऊ आतून आले. त्यांनाही सांगावं लागलं. ते म्हणाले, "काउंटरवर कोन बसन मंग?" बस एवढीच त्यांची अडचण. शेवटी म्हणाले, मीच बसतो.

हिशोब अजीम करणार. मी त्याला सूत्र शिकवलं. भागाकारात दोनदा चुकला, पण मोटारीचे वेढे मोजणारा हात आहे, तिसऱ्यांदा बरोबर आलं. तो लबाडी करणार नाही. उलट उद्या मला सोडणारही नाही.

२४ डिसेंबर

सहा नंबरच्या खुर्चीवर बसले. बाजूला मुखरू, पलीकडे सुकलू, लटारू, इसरू. कोलू मागे उभा, भज्यांचा पुडा घेऊन. नाव टाकायची वेळ आली. 'कम्प्युटर' लिहायला बोटं गेली होती. खोडून 'हर्षा' लिहिलं.

सुरुवातीला भल्ली खराब खेळले. काउंटरमागे कोणी पाहत नसतं, इथे अख्खं सायबर पाठीमागे. अजीमनं मला लागोपाठ मारलं आणि दर वेळी म्हणाला, "सॉरी मॅडम." मुखरूनं मान न वळवता विचारलं, "बाई, दरवाजा कोन पाहून राह्यलं?" मी म्हटलं, "मी." "मंग झालं," म्हणाला. त्यानंतर हात सुटला. एकेक डाव काढत बरोबरीला आलो, मग एका डावानं पुढे. नागपूर दिसायला लागलं होतं. शेवटचे डाव उरले होते, मी अजीमच्या मागे पोचले होते, तो मला दिसत होता, मी त्याला नाही...

आणि लाइन गेली.

वेळेच्या आधी! अर्धा तास आधी! दहाही स्क्रीन एकदम काळे. माझासुद्धा. चार महिने लाइन गेली की माझा स्क्रीन चालू असायचा. आज पहिल्यांदा तो सगळ्यांसोबत गेला, आणि माझ्या तोंडून निघालं, "अबे ए, काऊन गेली बे!" सगळं सायबर एका आवाजात ओरडत होतं, त्यात माझा आवाज कोणाला वेगळा ऐकूही आला नसेल.

नियम माझाच. बरोबरी.

पोट्टे बाहेर निघाले. मी सवयीनं काउंटरकडे वळले, तर तिथे नवाबभाऊ बसलेले. "इथी जागा नाई," म्हणाले. "जा तिकडं."

टपरीवर उभी राहिले. रस्त्यावरच्या दोन बायांनी वळून पाहिलं, पाहू दे. सुकलूनं ग्लास हातात दिला. अजीम वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडत होता, जीभ बाहेर काढून. बरोबरीनं खेड्याचे पॉइंट चढले, स्टेशनचे उतरले, पण स्टेशन थोडक्यात वरच राहिलं. मी हिशोब पुन्हा तपासला. चूक नव्हती. नागपूरला अजीम जाणार.

मुखरू म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या खेपीले." कोलूनं भजी पुढे केली.

मी हळूच अजीमला विचारलं, "आज माझा किती आला असता रे? माझा एकटीचा?"

त्यानं पेन कानावर ठेवलं. "एकट्याचा नंबर नसते, मॅडम. तुमीच तं सांगलं होतं."

साडेपाचची बस हलली तेव्हा मुखरू खिडकीतून अर्धा बाहेर आला. "बाई! मंगळवारी दोनले! कम्प्युटरले सांगून देजा, येऊ नको म्हना!"

सांगितलं.